आकाशातला चकवा

रात्री शेतावरून परतताना अमक्याला चकवा लागला, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली असेल. गडी रोजच्या वाटेचा, पायाखालचा रस्ता, दारूचा थेंब घेतलेला नाही. तरी रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो आपण त्याच बांधावर, त्याच बाभळीपाशी! कुणी म्हणते भुताने फिरवले, कुणी म्हणते वाटेत उतारा ओलांडला. वस्तुतः भुताची काही गरज नाही. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला लावले आणि २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर मंडळी बरी सरळ चालली. तो दिसेनासा झाला की गोल गोल फिरू लागली, आणि प्रत्येकाला मनातून वाटत होते की आपण नाकासमोर चाललो आहोत.

जमिनीवरचा चकवा फार तर एक रात्र घेतो. हाच चकवा आकाशात लागला तर तो किती वेळ देतो, माणसाने त्याची ओळख कशी करून घेतली, आणि ओळख होऊनही अजून माणसे त्यात का सापडतात, हे आज पाहायचे आहे. मोठ्या प्रवासी विमानाची ही गोष्ट नव्हे. त्यात दोन वैमानिक असतात, जमिनीवरून वाट दाखवणारे असतात, यंत्रे दुहेरी-तिहेरी असतात. ही गोष्ट आहे एका इंजिनाच्या, चार-सहा माणसांच्या लहान विमानाची. हौसेने किंवा निकडीने रात्री उडणाऱ्या एकट्या वैमानिकाची.

रात्रीच्या उड्डाणाचा इतिहास टपालाच्या थैलीतून सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल. पहिले महायुद्ध संपण्यापूर्वीच अमेरिकेच्या टपाल खात्याने विमानाने पत्रे न्यायला आरंभ केला. पण विमाने उडत दिवसा, आणि अंधार पडला की थैल्या आगगाडीत चढत. मग विमानाचा उपयोग काय, असे तेथील कायदेमंडळात लोक विचारू लागले. तेव्हा खात्याने ठरवले की एकदा रात्रंदिवस उडून दाखवायचेच. २२ फेब्रुवारी १९२१ रोजी न्यूयॉर्कहून दोन आणि सॅन फ्रान्सिस्कोहून दोन अशी विमाने निघाली. ऐन हिवाळा. त्यातला एक वैमानिक नेवाडात विमान पडून ठार झाला. पश्चिमेकडे निघालेली टपाल शिकागोला हवेने अडवून धरली. उरली एक थैली, आणि ती रात्री नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट येथे जॅक नाइट नावाच्या वैमानिकाच्या हाती आली.

नाइटचे काम ओमाहापर्यंतचे. उघडे विमान, तोंडावर बर्फाळ वारा. खाली वाटेवर टपाल खात्याच्या माणसांनी आणि शेतकऱ्यांनी जागोजाग आगट्या पेटवल्या होत्या, त्यांच्या जाळावर नजर ठेवून तो ओमाहाला उतरला. पाहतो तर पुढे नेणारा वैमानिक आलेलाच नाही. पुढची वाट नाइटने कधी पाहिलेली नव्हती. आणि उड्डाण रद्द झाले या समजुतीने पुढच्या गावांतले लोक आगट्या विझवून घरी गेलेले. त्याने रस्त्यांचा एक साधा नकाशा मागून घेतला आणि निघाला. डे मॉइन येथे बर्फ इतके होते की उतरता आले नाही. आयोवा सिटीच्या मैदानात रात्रीचा राखणदार तेवढा जागा होता; वर इंजिनाची घरघर ऐकून त्याने पलिता पेटवला, आणि त्या एका पलित्यावर नाइट खाली आला. तेल भरून पुन्हा उडाला व सकाळी शिकागोला पोचला. पुढच्या वैमानिकांनी टपाल न्यूयॉर्कला नेले. सारा प्रवास ३३ तास २० मिनिटांचा. आगगाडीला तेच अंतर तोडायला तीन दिवसांहून अधिक लागत.

नाइटचे नाव गाजले, सरकारने पैसा मंजूर केला. मला मात्र त्या राखणदाराचे महत्त्व अधिक वाटते. तो झोपला असता तर ही गोष्ट आज कुणी सांगितली नसती.

मग अमेरिकेने आकाशातल्या या वाटेवर दिवे लावले. समुद्रकाठी दीपगृह असते तसे मनोरे, सुमारे दहा दहा मैलांवर, वर फिरता दिवा. मध्ये मध्ये अडीअडचणीला उतरायची मैदाने. १ जुलै १९२४ पासून रात्रीचे टपाल नियमाने सुरू झाले. तेव्हा लोकांना वाटले, प्रश्न सुटला. रात्रीचा शत्रू म्हणजे अंधार. अंधाराला उपाय म्हणजे दिवा. किती साधे!

पण धुके पडले की दिवा काय कामाचा? पुढे अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडून जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स लिंडबर्ग १९२६ साली सेंट लुईस ते शिकागो टपाल नेत असे. १६ सप्टेंबरच्या रात्री शिकागोवर धुक्याची गोधडी पसरली होती. खाली मैदानावर माणसांनी पिंपांतून पेट्रोल जाळले, शोधदीप लावले. वर लिंडबर्गला फक्त धुक्याचा पांढरा गालिचा दिसे. तेल संपत आले. शेवटी इंजिन बंद पडले तेव्हा त्याने छत्री बांधून उडी टाकली. आणि गंमत अशी, की विमान खाली झुकताच टाकीतले उरलेसुरले तेल पुढे आले आणि इंजिन पुन्हा सुरू झाले! ते रिकामे विमान लिंडबर्गच्या छत्रीभोवती घिरट्या घालू लागले. तो वाचला, मक्याच्या शेतात उतरला, पडलेले विमान एका शेतकऱ्याच्या मदतीने शोधले आणि थैल्या त्याच रात्री आगगाडीने पुढे धाडल्या. नंतर कळले की विमानाची मोठी टाकी काढून लहान बसवली होती आणि ते त्याला कुणी सांगितले नव्हते. दीड-पावणेदोन महिन्यांतच त्याला रात्री पुन्हा अशीच उडी घ्यावी लागली. त्या खेपेस तो काटेरी तारेच्या कुंपणावर येऊन पडला.

लिंडबर्गजवळ शेवटी छत्री होती. ज्यांच्याजवळ नव्हती किंवा ज्यांना उडी मारायची वेळ आली हे कळलेच नाही, असे वैमानिक धुक्यात आणि रात्रीच्या ढगात शिरत आणि काही वेळाने गरगर फिरत खाली येत. चांगले, कसलेले वैमानिक. विमानात बिघाड नसे. मग असे का व्हावे?

याचे उत्तर आकाशात सापडले नाही. ते सापडले एका दवाखान्यात, एका फिरत्या खुर्चीवर. अमेरिकन लष्करातील विल्यम ऑकर हा जुना वैमानिक १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोला नेहमीच्या तपासणीसाठी गेला. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटून खुर्चीवर बसवले आणि खुर्ची हळूहळू फिरवली. कोणत्या बाजूला फिरतो आहोस? ऑकरने बरोबर सांगितले. खुर्चीचा वेग थोडा कमी केला. ऑकर म्हणाला, आता थांबली. खुर्ची खरोखर थांबवली. तो म्हणाला, आता उलटी फिरते आहे. डोळे उघडले तर खुर्ची जागच्या जागी! ऑकर विचारात पडला. पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात एक पेटी होती. आत विमानातले वळण दाखवणारे यंत्र आणि एक लहान दिवा. पेटीत डोळे घालून तो खुर्चीवर बसला आणि दर वेळी अचूक उत्तर देऊ लागला.

हे असे का होते, ते गुरुजनांना वर्गात सहज दाखवता येईल. गावात कुंभार असेल तर त्याच्या चाकावर पाण्याने भरलेली परात मधोमध ठेवा आणि पाण्यावर झेंडूच्या चार पाकळ्या सोडा. चाक हलके फिरवले की परात फिरते, पण पाणी मागे राहते. पाकळ्या जागीच दिसतात. चाक एकाच गतीने फिरत ठेवा. थोड्या वेळाने पाणीही परातीबरोबर फिरू लागते. आता चाक थांबवा. परात थांबली, पाणी फिरतेच आहे! आपल्या कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, अशाच तीन वळणदार बारीक नळ्या आहेत आणि त्यांत द्रव आहे. डोके फिरले आणि द्रव मागे राहिला की आपल्याला कळते, आपण वळतो आहोत. पण वळण अगदी हळू सुरू झाले तर कानाला पत्ताच लागत नाही, आणि वळण एकाच गतीने चालू राहिले तर द्रव नळीबरोबर फिरू लागतो व कान सांगतो, सारे स्थिर आहे. फुगडी घालून थांबलेल्या पोरीला घरदार उलटे फिरताना दिसते ते यामुळेच. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना कानाच्या या कारभाराच्या अभ्यासाबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ज्ञान हाताशी होते, बरं का! ते विमानापर्यंत पोचायला बारा वर्षे लागली.

कोणी म्हणेल, कानाने दगा दिला तरी अंगाला कळेल की नाही? विमान एका अंगावर कलले तर माणूस त्या बाजूला घसरेलच. दुर्दैवाने तसे होत नाही. पाण्याने भरलेली बादली हात ताठ ठेवून गरगर फिरवली तर ती डोक्यावर आल्यावरही पाणी सांडत नाही, हा खेळ मुलांनी पाहिलेला असतो. वळणाऱ्या विमानातला माणूस त्या बादलीतल्या पाण्यासारखा असतो. विमान कितीही कलले तरी तो आपल्या आसनावर सरळ दाबला जातो. गवंड्याने तेथे ओळंबा सोडला तर तोही जमिनीकडे न लोंबता विमानाच्या तळाकडेच लोंबेल. ज्या ओळंब्यावर आपण घराच्या भिंती उभारतो, तोही तिथे खोटे बोलतो.

दिवसा या सगळ्याने काही बिघडत नाही, कारण डोळ्यांना क्षितिज दिसते आणि डोळे कानाला गप्प बसवतात. चांदण्या रात्री, खाली शहराचे दिवे असतील तर, तेव्हाही निभावते. पण अमावास्येचा काळोख, वर ढग, खाली दिवे नसलेले रान किंवा समुद्र, म्हणजे डोळ्यांचा साक्षीदार गेला. विमान नकळत एका बाजूला कलते. कलले की नाक खाली जाते, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो. वैमानिकाला वाटते, आपण सरळ आहोत, फक्त खाली चाललो आहोत. म्हणून तो सुकाणू ओढून नाक वर करायला पाहतो. कललेल्या विमानात त्या ओढीने विमान वर येत नाही, वळण आणखी आवळत जाते. जितके ओढावे तितका फास घट्ट. हाच तो आकाशातला चकवा.

तो किती वेळ देतो, याचे मोजमाप १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाले. केवळ बाहेर पाहून उडण्याचे शिक्षण झालेल्या २० जणांना सोबत शिक्षक देऊन आकाशात नेले आणि बाहेरचे जग दिसेनासे केले. विसाच्या विसांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. एकाने ८ मिनिटे दम धरला, एकाला २० सेकंदही पुरे झाले. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत! चुलीवरचा चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो. याच लोकांना नंतर यंत्रांवर भरवसा ठेवून मागे वळण्याची ठरावीक रीत शिकवली, तेव्हा जवळजवळ सगळे सुखरूप मागे वळू शकले. या प्रयोगाचा हा दुसरा भाग लोक सांगायला विसरतात.

यंत्रे तोवर जुनी झाली होती. २४ सप्टेंबर १९२९ रोजीच जेम्स डूलिटल याने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर आपल्या बैठकीवर झाकण ओढून घेऊन, बाहेरचे काही एक न पाहता, विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पुढच्या बैठकीवर सोबतीला दुसरा वैमानिक होता, पण त्याला सुकाणूला हात लावावा लागला नाही. डूलिटलपुढे एक कृत्रिम क्षितिज होते. आत भोवऱ्यासारखे चक्र गरगर फिरते. फिरता भोवरा आपला तोल सोडत नाही, त्यामुळे विमान कसेही कलले तरी यंत्रातली रेघ खऱ्या क्षितिजाशी समांतर राहते. म्हणजे कानाचे खोटे उघडे पाडणारा साक्षीदार १९२९ पासून हजर आहे. प्रश्न उरला तो त्याची साक्ष मानण्याचा. सारे अंग ओरडून सांगते आहे की आपण डावीकडे पडतो आहोत, आणि समोरची बोटभर रेघ सांगते आहे की सरळ आहोत; अशा वेळी अंगाला खोटे म्हणणे सोपे नाही. ते एकदा ऐकून येत नाही, त्याचा सराव लागतो आणि सराव सुटला की ते विसरते.

३ फेब्रुवारी १९५९ ची गोष्ट घ्या. आयोवा राज्यातील क्लिअर लेक गावी गाण्याचा कार्यक्रम करून बडी हॉली हा तरुण गायक आणि त्याचे दोन सहकारी गायक पुढच्या मुक्कामाला निघाले. ज्या बसमधून ते हिंडत होते तिच्यात उबेची सोय धड नव्हती, कडाक्याची थंडी. म्हणून त्यांनी एक लहान विमान भाड्याने घेतले. वैमानिक २१ वर्षांचा. त्याचे उड्डाण सातशे तासांहून अधिक, पण यंत्रांवर उडण्याचा परवाना त्याच्यापाशी नव्हता. मध्यरात्रीनंतर एकाच्या सुमारास विमान उडाले. वर ढग, हलके हिम, खाली तुरळक वस्तीची शेते. विमानतळावरून त्याचा मागचा दिवा थोडा वेळ दिसला आणि मग हळूहळू खाली जाताना दिसला. सकाळी विमान पाचएक मैलांवर शेतात सापडले. चौघेही गेले होते. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. बिघडत चाललेल्या हवेची पुरती सूचना वैमानिकाला मिळाली नव्हती. आणि त्या विमानातले क्षितिजाचे यंत्र वेगळ्या घडणीचे होते. नाक वर की खाली हे ते नेहमीच्या यंत्राच्या उलट दाखवी. पोराने ऐन वेळी साक्षीदाराकडे पाहिले असेलही, पण त्याची भाषा त्याला अनोळखी होती.

आणि चाळीस वर्षांनी, १६ जुलै १९९९ रोजी, तेच पुन्हा. या वेळी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव, त्यांची पत्नी आणि मेहुणी. विमान स्वतःचे, उत्तम अवस्थेतले, आपोआप सरळ चालवणारे यंत्रही त्यात बसवलेले. निघायला उशीर झाला, सूर्य मावळल्यावर न्यू जर्सीहून उडाले. समुद्रावर धुरकट हवा होती. पाणी आणि आभाळ एक झालेले. धाकटे केनेडी यांचा अनुभव सुमारे तीनशे तासांचा, यंत्रांवर उडण्याचे शिक्षण चालू होते पण पुरे व्हायचे होते. मार्थाज व्हिनयार्ड बेट काही मैलांवर असताना विमान उजवीकडे वळले, सावरले, पुन्हा वळले आणि शेवटी आवळत्या फेऱ्यात समुद्रात गेले. चौकशी मंडळाने कारण दिले ते आपण वर पाहिलेलेच: रात्र, धुरकट हवा आणि दिशाभान हरपणे. विमानात काहीही बिघाड आढळला नाही.

रात्रीचे आणखी धोके आहेतच. एकुलते इंजिन दिवसा बंद पडले तर वैमानिक एखादे माळरान, एखादे कापणी झालेले शेत हेरून उतरू शकतो. रात्री खाली विहीर आहे की विजेची तार, हे कोण सांगणार? वैमानिकांत यावर एक कडवट विनोद आहे: जमीन जवळ आली की उतरायचा दिवा लावावा, आणि जे दिसेल ते आवडले नाही तर विझवावा. शिवाय चहूकडे काळोख आणि मध्ये फक्त धावपट्टीचे दिवे असले, की आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो आणि माणूस अलीकडेच जमिनीला भिडतो. बोइंग कंपनीचे संशोधक कॉनरॅड क्राफ्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात हे प्रयोगाने दाखवले.

आपल्याकडे ही गोष्ट आरंभापासून सावधपणे हाताळली गेली, असे म्हणावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने आणि लख्ख दिवसाउजेडी. विमानात रेडिओ नाही, वाटेवर दिवे नाहीत. रात्री उडायचा प्रश्नच नव्हता. रात्रीच्या टपालाचे आपले पर्व १९४९ च्या जानेवारीत उघडले, आणि त्याचे केंद्र होते आपले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार दिशांनी विमाने निघत, ऐन मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. पण ती विमाने दोन इंजिनांची डकोटा होती आणि ती चालवणारे यंत्रांवर उडण्यात मुरलेले होते. लहान विमानाने केवळ डोळ्यांच्या भरवशावर रात्री गावोगाव हिंडायला आपल्या देशात नियमाने मनाई आहे. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत असे उड्डाण करायचे नाही. विमानतळाच्या आसपास शिकाऊ उड्डाणाला तेवढी परवानगी घेऊन सूट मिळते. अमेरिकेत अशी सरसकट मनाई नाही. तिथल्या हौशी वैमानिकांना आपला नियम जाचक वाटेल. मला तो वाटत नाही.

बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी आज मुले-मुली विमान चालवायला शिकतात. त्यांना या चकव्याची ओळख कशी करून देतात, ते ऐकण्याजोगे आहे. चांगल्या उजेडात, पुरेशा उंचीवर गेल्यावर शिक्षक सांगतो, डोळे मीट आणि मान खाली घाल. मग तो सुकाणू आपल्या हाती घेऊन विमान इकडे वळवतो, तिकडे कलवतो, आणि अगदी हलक्या हाताने एका वळणात आणून ठेवतो. थोडा वेळ जाऊ देतो. मग विचारतो, सांग, विमान कसे चालले आहे? मूल मोठ्या आत्मविश्वासाने म्हणते, सर, सरळ. शिक्षक म्हणतो, उघड डोळे. एक पंख खाली शेतांकडे गेलेला असतो, दुसरा आभाळाकडे, आणि समोरच्या यंत्रातली रेघ तिरपी झालेली असते.